काळ्या चकचकीत चाकांची निगा : घासण्याआधी हे वाचा



चाकाची निगा हा विषय आपल्याला नवा नाही. बैलगाडीच्या काळात उन्हाळ्यात लाकूड सुकून चाकाची लोखंडी धाव ढिली व्हायची, म्हणून चाके ओढ्याच्या पाण्यात भिजत घालायची पद्धत होती. आसाला वंगण दिल्याशिवाय जाणता गाडीवान गाडी जुंपत नसे. पुढे ऊस वाहतुकीला रबरी टायरच्या गाड्या आल्या, मग ट्रॅक्टर आणि ट्रॉली आली. चाक बदलले तशी निगा राखण्याची रीतही बदलली.

आता आणखी एका नव्या चाकाने आपल्या दारात पाऊल टाकले आहे. वार्षिक सभेच्या दिवशी कारखान्याच्या आवारात लागलेल्या मोटारींकडे जरा बघा. कित्येक गाड्यांची चाके काळी कुळकुळीत, तोंड दिसेल इतकी चकचकीत असतात. पोरांची हौस असते, आणि गाडीला शोभाही येते. त्याबद्दल कुणाचे काही म्हणणे नाही. पण वर्कशॉपपाशी गाठ पडली की बरेच सभासद एकच गाऱ्हाणे सांगतात, "साहेब, गाडी घेऊन वर्ष झालं नाही तोवर चाकं पांढरी पडली. माल खोटा दिला बघा."

दहातल्या बहुतेक वेळा माल खोटा नसतो. धुण्याची रीत चुकलेली असते. आणि ही चूक नुसत्या शोभेपुरती राहत नाही. चुकीच्या औषधाने हात भाजतात, चुकीच्या जागी पॉलिश लागले तर ब्रेक घसरतो. म्हणून हा विषय जरा मुळापासून पाहू.

हे चाक आहे कशाचे ?

आपल्या ट्रॉलीचे किंवा जुन्या जीपचे चाक पोलादी पत्र्याचे असते. त्याला पोचा आला तर ठोकून काढतात, गंज आला तर तारेच्या ब्रशने खरवडून वर रंग मारतात. ते चाक असला मार सहन करते.

हे नवे चाक पोलादाचे नव्हे. ते मिश्रधातूचे, म्हणजे ॲल्युमिनियममध्ये थोडे सिलिकॉन आणि मॅग्नेशियम घालून ओतलेले असते. यालाच आपली मुले 'ॲलॉय' म्हणतात. या धातूवर आधी अस्तराचा थर, त्यावर काळा रंग, आणि सर्वांत वर एक पारदर्शक थर, ज्याला 'क्लिअर कोट' म्हणतात, असे थर दिलेले असतात. हा वरचा थर साधारण आपल्या डोक्याच्या केसाच्या जाडीइतका समजा. सगळी चकाकी या थराची आहे. थर गुळगुळीत असला की उजेड आरशासारखा सरळ परततो. त्यावर बारीक चरे पडले की उजेड चहूकडे विखुरतो आणि चाक पांढुरके, मळके दिसू लागते. चंदेरी चाकावर तेवढेच चरे पडले तर ते डोळ्यांत भरत नाहीत. काळ्या घोंगडीवर पिठाचा कणसुद्धा दिसतो, तसे हे आहे.

म्हणजे आपल्याला जपायचा आहे तो काळा रंग नव्हे, तर त्यावरचा हा पातळ पारदर्शक थर. एवढे ध्यानात ठेवले की पुढची सगळी रीत आपोआप पटते.

चाकावर बसते तरी काय ?

पहिला शत्रू ब्रेकची भुकटी. डिस्क ब्रेकमध्ये पॅड बिडाच्या तबकडीला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात आणि गाडी थांबते. त्या घर्षणात पॅडही झिजतो आणि तबकडीही. दोघांची बारीक भुकटी तापलेल्या अवस्थेत चाकावर उडते आणि चिकटून बसते. तिच्यात लोखंडाचे कण असतात. दव-पाऊस लागला की ते गंजतात आणि विटकरी ठिपके दिसू लागतात. ब्रेक मारला की गाडीचा भार पुढे येतो, पुढच्या ब्रेकला जास्त काम पडते. म्हणून पुढची चाके मागच्यापेक्षा लवकर काळवंडतात. त्यात काही बिघाड नाही.

दुसरा शत्रू चिखल आणि राख. हंगामात कारखान्याच्या चिमणीची काजळी यार्डात आणि आसपासच्या वस्त्यांवर थोडीफार बसते, हे सर्वांना ठाऊक आहे. बगॅसच्या राखेत वाळूच्या जातीचे खरखरीत कण असतात. अशा चाकावरून कोरडे फडके फिरवणे म्हणजे पॉलिश पेपर फिरवण्यासारखेच.

तिसरा शत्रू आपलेच पाणी. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी जड असेल तर पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरा थर धरतो. तेच क्षार चाकावर थेंब सुकल्यावर पांढरे डाग होऊन राहतात.

चौथा शत्रू खते आणि फवारे. पोटॅशच्या पोत्यात (म्युरेट ऑफ पोटॅश) क्लोराईड असते, म्हणजे तो मिठाचाच भाऊबंद. खडी उडून जिथे रंगाचा टवका गेलेला असतो, तिथे हे खारे पाणी शिरते. आत ॲल्युमिनियम कुजते, पांढरी पूड धरते आणि रंगाला फोड येतात. बोर्डो मिश्रणातले मोरचूद तर उघड्या ॲल्युमिनियमला खड्डे पाडते. मोटारीतून खत किंवा फवाऱ्याचे सामान आणले, तर त्याच दिवशी चाकांवर पाणी मारावे.

कॉस्टिकची फजिती

आता घरचीच चूक सांगतो, म्हणजे कुणाला राग यायला नको. माझ्या पुतण्याने हौसेने काळ्या चाकांची गाडी घेतली. हंगामात चाकांवर ब्रेकची भुकटी बसली, ती साबणाने निघेना. त्याने ऐकले होते की कारखान्यात इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत बसलेले स्केल काढायला कॉस्टिक सोडा उकळतात. त्याने विचार केला, जे औषध एवढे कडक स्केल सोडवते, ते ही भुकटी सहज काढील. बाजारातून कॉस्टिकचे खडे आणले, बादलीत विरघळवले आणि ब्रशने चारही चाकांना चोपडले.

प्रथम चाके झकास दिसली. थोड्याच वेळात जिथे जिथे टवके होते तिथे बुडबुडे येऊ लागले. दुसऱ्या दिवशी चकाकी गेलेली, जागोजागी पांढरे चट्टे, आणि महिन्याभरात रंगाचे पापुद्रे सुटले. पुतण्याच्या बोटांची कातडी आठ दिवस सोलत होती ती वेगळीच. चारही चाकांचा रंग पुन्हा करून घ्यावा लागला. "काका, कारखान्यात चालतं ते इथं का चाललं नाही ?" हा त्याचा प्रश्न मात्र बरोबर होता.

उत्तर असे, की कॉस्टिक पोलादाला फारसे खात नाही, पण ॲल्युमिनियमला विरघळवते आणि त्यातून हायड्रोजन वायू निघतो. बुडबुडे आले ते त्याचेच. घरातल्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात धुण्याचा सोडा टाकून पाणी उकळले तर पातेले काळे पडते, हे आपल्या भगिनींना माहीत आहे. दुसऱ्या बाजूला तीव्र आम्लही ॲल्युमिनियमला खाते, म्हणून संडास धुण्याचे ॲसिडही चालत नाही. माती परीक्षणाच्या अहवालात आपण सामू बघतो ना, तोच नियम इथे लावा : सामू ७ च्या आसपास असलेले, म्हणजे आम्लही नाही आणि विम्लही नाही असे औषध चाकाला मानवते.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. चाक साफ करण्याच्या काही कडक द्रावणांत हायड्रोफ्लोरिक ॲसिड किंवा अमोनियम बायफ्लोराईड असते. हे साध्या ॲसिडसारखे लगेच चटका देईलच असे नाही. पातळ द्रावण असेल तर काही तासांनी कळ सुरू होते, आणि तोपर्यंत ते कातडीतून आत उतरून शरीरातल्या कॅल्शियमला धरते. अंगावर जास्त लागले तर जीवही जाऊ शकतो. म्हणून ज्या बाटलीवर नाव आणि घटक छापलेले नाहीत, असे सुटे 'रिम क्लीनर' कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. चुकून हाताला लागलेच तर ताबडतोब भरपूर वाहत्या पाण्याखाली धरावे, लागलेले कपडे काढावेत आणि बाटली बरोबर घेऊन दवाखाना गाठावा. डॉक्टरांना हे ॲसिड असल्याचे स्पष्ट सांगावे, कारण त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचा वेगळा उपचार आहे. 'दुखत नाही, बघू उद्या' असे म्हणू नये.

धुण्याची रीत

सामान फार लागत नाही. दोन बादल्या, गाडी धुण्याचा शाम्पू, लांब दांड्याचा मऊ ब्रश, नटांच्या खाचांसाठी रंगाचा एखादा मऊ ब्रश, मऊ मायक्रोफायबरची दोन-तीन फडकी आणि रबरी हातमोजे.

१) चाक थंड होऊ द्या. लांबचा प्रवास करून आल्याबरोबर पाणी मारू नये. तापलेल्या ब्रेकच्या तबकडीवर एकदम गार पाणी पडले तर ती वाकडी होण्याचा धोका असतो, आणि साबण चाकावरच वाळून डाग पडतात. अर्धा-पाऊण तास थांबा, हाताने चाचपून पहा, मगच सुरुवात करा. गाडी सावलीत लावा. सकाळची वेळ उत्तम.

२) आधी नुसते पाणी. साबण लावण्याआधी भरपूर पाणी मारून सुटी माती, वाळू, राख खाली जाऊ द्या. चिखल वाळलेला असेल तर पाच-दहा मिनिटे भिजत ठेवा. ढेकूळ भिजले की आपोआप फुटते, त्याला काठीने मारायला लागत नाही. इथेही तेच. जोराच्या पाण्याचे मशीन असेल तर नळी किमान एक फूट लांब धरा. जवळून मारलेला फवारा रंगाचा सुटलेला टवका आणखी उचलतो, आणि टायरच्या बाजूला व व्हॉल्व्हलाही चांगला नाही.

३) साबण गाडीचाच घ्या. कपड्याची पावडर, भांड्याची वडी, राख, तारेची घासणी, नारळाचा काथ्या यांपैकी काहीही नको. पावडर विम्ल असते, ती वरचे मेण काढून टाकते. घासणीबद्दल तर बोलायलाच नको.

४) दोन बादल्यांची सवय लावा. एकीत साबणाचे पाणी, दुसरीत साधे. ब्रश चाकावरून फिरवला की आधी साध्या पाण्यात खळबळून घ्यायचा, मगच साबणात बुडवायचा. नाहीतर एका चाकाची वाळू दुसऱ्या चाकावर घासली जाते. एका वेळी एकच चाक पुरे करा. चाकाचे फडके गाडीच्या अंगाला कधीही लावू नका. गाडी पुरी धुवायची असेल तर आधी चाके, मग वरचा भाग.

५) विटकरी ठिपके राहिले तर. ते नखाने खरवडू नका. लोखंडाचे कण सोडवणारे, सामू ७ च्या आसपासचे द्रावण गाडीच्या सामानाच्या दुकानात 'आयर्न रिमूव्हर' म्हणून मिळते. ते फवारले की लोखंडाशी संयोग होऊन जांभळा रंग ओघळतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. घाबरायचे कारण नाही, औषध लागू पडल्याची ती खूण आहे. बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका, वाळू देऊ नका, भरपूर पाण्याने धुऊन काढा. दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरे. दर आठवड्याला नको.

६) डांबर लागले असेल तर फडक्यावर डांबर काढायचे औषध किंवा थोडे रॉकेल घेऊन तेवढ्याच ठिपक्यावर अलगद धरा, विरघळले की पुसा आणि लगेच साबणाने धुवा. पेट्रोल वापरू नका. त्याच्या वाफेला आग लागायला एक ठिणगी पुरते.

७) पुसून कोरडे करा. आपल्याकडच्या जड पाण्यात ही पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी हीच आपण गाळतो. वारा आणि उन्हावर सोडू नका, मऊ फडक्याने टिपून घ्या. क्षाराचे डाग आधीच पडले असतील तर व्हिनेगरमध्ये तेवढेच पाणी मिसळून फडक्याने मिनिटभर लावा आणि स्वच्छ धुऊन टाका.

८) शेवटी गाडी थोडी फिरवा. ओल्या ब्रेकची पकड सुरुवातीला कमी असते. मोकळ्या जागी सावकाश चालवत दोन-तीन वेळा हलका ब्रेक मारा. तबकडीवर आलेला तांबूस गंजाचा पातळ थरही त्यात निघून जातो.

वरून काय लावावे ?

उसाच्या कांडीवर पांढरट लव धरते, ती आपण बोटाने पुसून पाहतो. ते मेण आहे. कांडीतला ओलावा उडू नये म्हणून निसर्गाने दिलेला तो लेप. गाळपात त्यातले बरेचसे मेण प्रेसमडमध्ये उतरते. चाकाला असाच एक लेप द्यायचा, म्हणजे भुकटी आणि क्षार थेट पारदर्शक थराला न चिकटता लेपावर बसतात आणि नुसत्या साबणपाण्याने सुटतात.

यात तीन प्रकार आहेत. पहिला कार्नोबा मेण. हे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांवर धरते. चकाकी सुंदर येते, पण ते ८० ते ८६ अंशांच्या दरम्यान वितळते आणि चाक ब्रेकच्या उष्णतेत असते, म्हणून चाकावर फार दिवस टिकत नाही. दुसरा कृत्रिम 'सीलंट'. हे उष्णता जास्त सोसते आणि घरी लावायला सोपे आहे. तिसरा सिरॅमिक लेप. हा सर्वांत टिकाऊ आणि सर्वांत महाग. तो लावण्याआधी चाक पूर्ण निर्मळ करावे लागते, नाहीतर घाण कायमची खाली बंद होते. पण उडणाऱ्या खडीचा टवका कोणताच लेप थांबवत नाही, हे लक्षात असू द्या. आपल्यासारख्याला सीलंट पुरेसे आहे. स्वच्छ, कोरड्या, थंड चाकावर पातळ हात द्यावा आणि बाटलीवर सांगितलेल्या वेळेनंतर पुसून घ्यावे. पावसाळ्याआधी एकदा, गाळप हंगाम सुरू होण्याआधी एकदा आणि हंगाम संपल्यावर एकदा, एवढे तरी करावे.

आता इशारा. मेण, पॉलिश, तेल, डिझेल यांतले काहीही ब्रेकच्या तबकडीला, पॅडला आणि टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागाला लागता कामा नये. डिझेलच्या बोळ्याने चाके पुसून चमकवायची जुनी सवय सोडा. त्याने धूळ जास्त चिकटते, रबर खराब होते, आणि ओघळ तबकडीवर गेला तर ऐन वेळी ब्रेक लागत नाही. चुकून लागलेच तर मेकॅनिककडून साफ करून घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.

धुता धुता चाक पहा

चाक धुताना आपले तोंड चाकापासून हातभर अंतरावर असते. एवढ्या जवळून एरवी आपण ते पाहत नाही. म्हणून प्रत्येक वेळी या गोष्टी बघाव्यात.

पोलादी चाक खड्ड्यात आपटले तर वाकते, ॲल्युमिनियमचे चाक तडकू शकते. काठावर आणि आऱ्यांच्या मुळाशी केसासारखी भेग दिसते का ते पहा. भेग असेल तर वेल्डिंग मारून चालवू नका, चाक बदला. नट सगळे जागेवर आहेत का पहा. चाक काढून बसवले असेल तर नट समोरासमोरचे असे आळीपाळीने, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाने आवळावेत, आणि ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा तपासावेत. नट जिथे टेकतो त्या जागेवर रंग किंवा मेण लावू नये. चाकाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली शिशाची किंवा लोखंडी पट्टी ही घाण नव्हे, ते बॅलन्सिंगचे वजन आहे. ते खरवडून काढले तर स्टिअरिंग थरथरू लागते. आतल्या बाजूला तेलाचा ओघळ दिसला, टायरच्या बाजूला चीर किंवा फुगा दिसला, तर धुणे तिथेच थांबवून गाडी मेकॅनिकला दाखवावी.

रंगाचा लहान टवका गेला असेल तर जागा धुऊन पूर्ण वाळवून त्यावर टच-अपचा रंग भरावा, म्हणजे पाणी आत शिरणार नाही. पापुद्रे सुटू लागले असतील तर वरून डब्याचा काळा स्प्रे मारून उपयोग नाही. आतले कुजणे चालूच राहते. जुना रंग पुरता काढून नवा करणाऱ्या जाणकाराकडेच ते काम द्यावे.

सारांश सांगायचा तर : थंड चाक, भरपूर पाणी, सौम्य साबण, मऊ हात आणि कोरडे फडके. घासून नव्हे, भिजवून घाण काढायची. अशी निगा राखली तर चाक वर्षानुवर्षे नव्यासारखे राहते.

जाता जाता एक विनंती. या काळ्या चाकांना आपण सुटीच्या दिवशी तासभर देतो. त्यातली पाच मिनिटे ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीच्या चाकांनाही द्या. त्या पोलादी चाकाला तारेचा ब्रश चालतो, रेड ऑक्साईड चालतो, लाडही लागत नाहीत. पण चिखल काढून नट, भेग आणि टायर तेवढे बघा, आणि मागच्या रिफ्लेक्टरवरची धूळ पुसा. रात्री भरल्या ट्रॉलीमागून येणाऱ्या माणसाला आपल्या मोटारीच्या चाकांची चकाकी दिसत नाही, रिफ्लेक्टरची दिसते.